चार भोकांचं बटण

सोनोग्राफीवालीने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "हे बघ डोकं. तुझ्या उजव्या बरगडीखाली टेकवून बसलंय." मी आधी हसले. ती माझ्या ओळखीची. तिच्या फाइलींवर नंबर घालायचं काम दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मीच करते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिने मला रांग मोडून आत घेतलं होतं. मी विचारलं, "वर आहे?" ती म्हणाली, "वर. पायाळू आहे. पाच आठवडे आहेत, फिरेलही, पण पाणी कमी दिसतंय. फार आशेवर राहू नकोस." पोटावरचा गार चिकट लेप पुसायला तिने कागद दिला आणि मी पुसत राहिले, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. कारण दोनच दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, आईने मला आमच्या कोचावर आडवं केलं होतं, बाह्या दुमडल्या होत्या, याच पोटावर दोन्ही हात ठेवले होते आणि सांगितलं होतं, "डोकं खाली. छान बसलंय. शहाणं आहे, तुझ्यावर गेलेलं नाही." आईने डोकं खाली म्हटलं की ते खाली असतं. आमच्या घरात यावर कधी चर्चा झालेली नाही.

आई सुईण आहे. सदतीस वर्षं ती हेच काम करते. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या बाया तिच्याकडे येतात. त्यांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, पोटं मात्र राहतात. कोणी रस्त्यात भेटली की म्हणणार, ती बघ ती, डावीकडे कललेली. लहानपणी फोन वाजला की ती भरल्या ताटावरून उठायची. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तिची खुर्ची रिकामी असायची आणि बाबा त्या खुर्चीवर तिच्याऐवजी छत्री ठेवायचे, कोणी बसू नये म्हणून. दहा वर्षांची असताना मला एकदा सडकून ताप आला. तिने कपाळावर बोटांची टोकं टेकवली, "एकशे दोन" म्हणाली, बाबांना ओल्या पट्ट्या ठेवायला सांगितलं आणि पिशवी उचलून कोणाच्या तरी कळा मोजायला निघून गेली. बाबांनी थर्मामीटर लावला. एकशे दोन. मला तेव्हा वाटलं होतं की एकशे तीन असावा. मी बरी व्हावी यापेक्षा ती चुकावी असं मला मनापासून वाटलं होतं. ती इच्छा पूर्ण व्हायला पंचवीस वर्षं लागली, आणि पूर्ण झाली तेव्हा मी अर्धवट कपड्यांत कागदाने पोट पुसत होते.

निर्णय तिथेच झाला होता, खरं सांगायचं तर. पायाळू बाळ घरी काढणाऱ्या सुइणी असतात, आईनेही पूर्वी काढली आहेत, पण तिला आधी ते पायाळू आहे हे तरी कळायला हवं. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडून तारीख घेतली. पोट कापून, दिवसाढवळ्या, एकोणीस तारखेला. त्याआधीचे कित्येक महिने मी जो तोलमोल करत होते तो दोन ओळींत निकालात निघाला. आणि काय तोलमोल होता तो. दिवसभर माझ्या हाताखालून फाइली जातात. घरी सुरुवात होऊन दवाखान्यात शेवट झालेल्या फाइली मी नुसत्या जाडीवरून ओळखते. पण दवाखान्यातच सुरू होऊन तिथेच संपलेल्या पातळ फाइलीही मी वाचल्या आहेत. त्यांत ओरडणाऱ्या बाईच्या नावापुढे 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहिलेलं असतं, आणि विनाकारण घातलेला छेद एका अक्षरात उरकलेला असतो. घरी आपला संडास, आपली उशी, पाय टांगून ठेवायला कोणी येणार नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याचं डोकं त्याच दिशेने चालतं. तो म्हणाला होता, "दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही, खाली धरून ठेवणारं वेगळं असतं. तुझ्या आईच्या खाली काय आहे?" मी म्हटलं, आईच्या खाली काही लागत नाही. तो गप्प बसला. तो चांगला माणूस आहे, गप्प बसायचं कधी ते त्याला कळतं, म्हणून सोनोग्राफीचा कागदही मी त्याला दाखवला नाही. त्याला हायसं वाटलं असतं आणि मला त्याचं हायसं वाटणं बघवलं नसतं. कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी घालून राहिला.

आता हे सगळं आईला एका वाक्यात सांगता आलं असतं. स्वयंपाकघरात, ती हात धूत असताना. किंवा त्याहून सोपं खोटं बोलता आलं असतं, की नवरा घाबरतोय, त्याच्यासाठी जाते दवाखान्यात. ती फुरंगटली असती, चार दिवसांनी विसरली असती. मी दोन्ही केलं नाही. बुधवारी संध्याकाळी ती आली, बाह्या दुमडल्या, मी कोचावर आडवी झाले. तिचे हात खाली सरकले, ओटीपोटाच्या वर चिमटीत काहीतरी धरून तिने हलवून पाहिलं. डोकं असेल तर ते एकटं डुलतं, ढुंगण असेल तर सगळ्या अंगाला घेऊन हलतं, हे मला सातव्या वर्षापासून पाठ आहे, तिनेच शिकवलंय. माझं सगळं पोट हललं. बरगडीखाली ती टणक गोल गोष्ट मला आतून टोचत होती. "कुठे आहे?" मी विचारलं. "खाली," ती म्हणाली. मग तिने तिची लाकडी नळी काढली, कानाला लावली, बेंबीच्या खाली टेकवली, जिथे खाली डोकं असलेल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. बराच वेळ ऐकत राहिली. मग नळी हळूहळू वर आणली, बेंबीच्याही वर, आणि तिथे थांबली. तिचे कान चांगले आहेत. तिथे ठोके लागले म्हणजे काय, हे तिच्याकडे शिकायला आलेल्या मुलीलाही पहिल्या महिन्यात कळतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने नळी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "उत्तम आहे. खाली आहे."

त्यानंतर ती रोज यायला लागली. रोज, न चुकता, दोन गल्ल्या चालून. पस्तीस वर्षांत माझ्या आईने माझ्या अंगाला एवढा हात लावला नव्हता. पंधरा-वीस मिनिटं तिचे ते रुंद, कोरडे हात माझ्या पोटावर फिरायचे, ती काहीबाही बोलायची, मध्येच माझी पावलं दाबायची, आणि मी डोळे मिटून पडायचे आणि मला इतकं बरं वाटायचं की लाज वाटायची. सांगितलं असतं तर हे बंद झालं असतं. म्हणून सांगितलं नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की मी रोज विचारायचे. "कुठे आहे गं?" "खाली." "नक्की?" "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" "आहे की." एवढं झालं की मी तृप्त व्हायचे, जसं खपली काढल्यावर होतं. तिच्या खोटेपणाचा एकेक दिवस मी जमा करत होते. मग मी तिच्या बोटांवर लक्ष ठेवायला लागले. चहाचं पातेलं तिने चिमट्याशिवाय उतरवलं आणि ओट्यावर ठेवलं, तोंडातून 'स्स'सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड होता. "हा कशाचा?" म्हटलं तर ती फोडाकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायला लागली. किल्ली कुलपात घालताना ती आता वाकून बघते. सुईत दोरा मला ओवायला देते, म्हणते चष्मा बदलायला झालाय. चष्मा तिचा तसाच आहे. साखरेच्या आजाराच्या गोळ्या ती तीन वर्षं घेते, तेही मला माहीत होतं. सगळे तुकडे माझ्या हातात होते. साखरेने बोटं बधिर होतात, रेकॉर्ड रूममध्ये त्याला एक नंबर आहे, मी तो हजारदा घातलाय.

माझा प्रश्न माझ्यापुरता मिटला होता, अडचण दुसरीच होती. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याची बायको. तिचे दिवस माझ्या मागे चार-सहा दिवसांनी भरत होते आणि तीही आईच्याच हाती होती. पहिलटकरीण, अंगाने काटकुळी, बोलायला लागली की थांबत नाही. दुकानापाशी मला थांबवून म्हणाली, "बाईंनी पोटावर हात ठेवला ना, की मला झोपच लागते हो. हे म्हणतात दवाखान्यात जाऊ, यांना सगळ्याचीच भीती. मी म्हटलं, बाईंची स्वतःची मुलगी घरी बाळंत होतेय, मग आपल्याला काय होतंय?" मी हसले. मी म्हणू शकले असते, बाई, जा आणि सोनोग्राफी करून ये. मी म्हणाले, "बसा जरा, उभ्या राहू नका अशा." तिच्या पोटात बाळ आडवं असेल, पायाळू असेल, सरळ असेल, आईला कळलेलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. हे जगात दोघींनाच माहीत होतं, आईला आणि मला, आणि आम्ही दोघी रोज संध्याकाळी कोचावर एकमेकींना थापा मारत होतो.

आईची एक पद्धत आहे. छत्तिसाव्या आठवड्यात ती नवरा-बायकोला स्वतःच्या घरी बोलावते. टेबलावर दोन वाडगे आणि मध्ये बटणांचा पत्र्याचा डबा. घरी बाळंत होण्याचा एक फायदा सांगायचा आणि एक बटण डाव्या वाडग्यात टाकायचं. धोका सांगायचा, बटण उजव्यात. बटण केवढं, ते ज्याने त्याने ठरवायचं. धोके लपवलेले मी कधी पाहिले नाहीत, उलट नवरे संकोचून गप्प बसले तर ती स्वतःच उजव्या वाडग्यात काळी ओव्हरकोटाची बटणं टाकायची: रक्त थांबलं नाही तर, खांदा अडकला तर, गाडी वेळेवर मिळाली नाही तर. मग बाईने एकटीने दोन्ही वाडगे दोन हातांत धरायचे आणि जड कुठला ते सांगायचं. मोजायचं नाही. नवऱ्याने बोट लावायचं नाही. त्याआधी शेवटचं बटण आईचं. ती डोळे मिटून डब्यातून एक उचलायची, बोटांत फिरवायची आणि सांगायची, "दोन भोकं. शिंपल्याचं. कडेला टवका उडालाय." मग ते डाव्या वाडग्यात टाकायची. हे माझे हात, असा त्याचा अर्थ. बाया त्या क्षणी तिच्या व्हायच्या. मी टेबलाखाली बसून ऐकायचे, बैठक संपली की बटणं डब्यात भरणं माझं काम होतं. माझ्याशी हा खेळ ती एकदाच खेळली. वीज गेली होती, फोनही बंद पडला होता, म्हणून तासभर ती कुठेही जाऊ शकली नाही. मी अंधारात वीस बटणं तिच्या तळहातावर ठेवली, तिने वीसच्या वीस ओळखली. शेवटी मी बटण ठेवलंच नाही, नुसतं बोट टेकवून उचललं. ती लगेच हसली. "चोरटे. हे तर तुझं बोट. नख वाढलंय, काप." तो तास माझ्या लहानपणातला सगळ्यात चांगला तास आहे.

चावीवाल्याच्या बैठकीला आईने मला मुद्दाम बोलावलं, गुरुवारी दुपारी. "तू नुसती शेजारी बस," म्हणाली, "तुला बघून तिला धीर येईल." म्हणजे दुकानाच्या काचेतला नमुना म्हणून बस. मी बसले. पर्स मांडीवर होती. चावीवाला किरकोळ, शांत माणूस, नखांत काळं तेल. त्याने एकेक धोका नीट विचार करून सांगितला आणि दरवेळी मोठंच बटण उचललं. बायकोने डावीकडे भराभर शर्टाची बटणं टाकली, आपलं घर, आपला उजेड, यांचा हात धरता येईल. आईने नेहमीप्रमाणे काळी बटणं टाकली. मी बघत होते, ती बटणं डब्यात बघून उचलत होती, आणि उचलल्यावर दोनदा निसटली. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे बघा," ती म्हणाली आणि डब्यातलं सगळ्यात मोठं, पितळेचं बटण तिने डाव्या वाडग्यात टाकलं. वाडगा वाजला. "ही माझी एकुलती एक लेक. पुढच्या पंधरवड्यात, तिच्या घरी, माझ्या हातांत." चावीवाल्याची बायको माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "चला," आई म्हणाली, "आता उचल वाडगे." आईने स्वतःचं बटण काढलंच नव्हतं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा ते गाळून ती पुढे गेली होती. तेव्हा मला पक्कं कळलं की तिला स्वतःच्या बोटांचं सगळं माहीत आहे, आणि माझ्या आत काहीतरी थंडगार होऊन स्थिर बसलं.

"आई, तुझं बटण राहिलं," मी म्हणाले.

"राहू दे गं आज."

"असं कसं. यांनी बघितलेलं नाही. डोळे मिटून ओळखते ती, बरं का. भोकांसकट."

चावीवाला पहिल्यांदाच खुलला. "हो का? मीही कुलपं अशीच ओळखतो. आतलं बोटांनाच दिसतं."

"मिट ना डोळे," मी म्हणाले. "मी देते."

आईने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती असं मी नंतर स्वतःला सांगितलं, पण तेव्हाही मला ती दिसली होती. तिने डोळे मिटले आणि हात पुढे केला. मी डब्यात बोटं घालून बटणं खळखळवली, एक उचलून माझ्या मुठीत धरलं, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तळहातावर टेकवलं आणि काढून घेतलं. तिची बोटं मिटली. अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, सावकाश, पूर्वी फिरायचा तसाच. कपाळावर बारीक आठी. मुठीतलं बटण घामाने ओलं झालं होतं आणि ते तिच्या हातात सरकवायला अजून वेळ होता. भरपूर वेळ होता. चावीवाला तिच्या रिकाम्या बोटांकडे बघत होता, मग त्याने मान खाली घातली.

"चार भोकं," आई म्हणाली. "कोटाचं आहे. जड."

तिने डोळे उघडले. हाताकडे बघितलं. हात उलटा करून बघितला. मग ती खुर्ची मागे सारून टेबलाखाली वाकली. "पडलं वाटतं," तिथून तिचा आवाज आला. टेबलाखाली, माझ्या जुन्या जागेवर, ती फरशीवर हात फिरवत होती.

"पडलं नाही," मी म्हणाले. "मी ठेवलंच नव्हतं." आणि पर्समधला कागद काढून उजव्या वाडग्यात टाकला. "माझं बाळ पायाळू आहे. मला कळून सोळा दिवस झाले."

आई वर आली. कागद तिने हात लांब करून वाचला, तारखेपर्यंत. चावीवाल्याच्या बायकोने दोन्ही हात पोटावर घेतले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, आईकडे नाही. माझ्याकडेच का, ते मला तेव्हा कळलं नाही. "सोळा दिवस," आई म्हणाली. "रोज झोपायचीस माझ्यापुढे."

"हो."

"रोज विचारायचीस."

"हो. आणि तू रोज सांगायचीस."

तिने मान हलवली, बाईने दुखणं सांगितल्यावर हलवते तशी. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला मारेल, किंवा निदान विचारेल की असं का केलंस. माझं उत्तर तयार होतं. सोळा दिवस नाही, पंचवीस वर्षं तयार होतं. तिने विचारलं नाही. तिने खुर्ची वळवली, चावीवाल्याच्या बायकोसमोर बसली आणि म्हणाली, "नीट ऐक. तुझ्या बाळाचं डोकं खाली आहे असं मी सांगितलं होतं. मला माहीत नाही. माझ्या बोटांना काही कळत नाही आता, बरेच दिवस झाले. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ऊठ, आत्ताच दवाखान्यात जाऊ."

"बाई, पण मग तुम्ही..." ती रडायलाच लागली.

"मी येते ना. आजही येते आणि त्या दिवशीही येते. काही करता येणार नाही मला, पण उशाशी उभी राहीन. हाकलून देईपर्यंत उभी राहीन, आणि मला हाकलणं सोपं नाही. रडू नकोस, पोट कडक होतं."

चावीवाला रिक्षा आणायला खाली धावला. आईने खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. मी म्हणाले, "आई, माझी एकोणीस तारीख आहे." माझा आवाज मलाच लहान वाटला. तिला कोटाचं बटण लावता येत नव्हतं, ती मान वाकवून बघून बघून लावत होती तरी काजात जात नव्हतं. मी तिच्या सगळ्यात जवळ होते. "असू दे," ती म्हणाली, वर न बघता. "नवरा असेल ना तुझ्याजवळ. चांगला आहे तो." मग चावीवाल्याची बायको डोळे पुसत पुढे आली, आपलं पोट सांभाळत तिच्यासमोर उभी राहिली आणि खालपासून वरपर्यंत एकेक करत आईच्या कोटाची सगळी बटणं लावली. आई लहान मुलीसारखी हनुवटी वर करून उभी होती. मग तिने पिशवी उचलली, सवयीने, आता तिच्यात लागण्यासारखं काही नव्हतं तरी, आणि त्या दोघी एकमेकींना धरून जिना उतरून गेल्या.

बरगडीखाली ते डोकं टणक दाबून बसलं होतं. मी मूठ उघडून त्यातलं बटण डब्यात टाकलं, भोकं बघितली नाहीत. वाडगे रिकामे करायचे राहिले होते, ते काम माझं. आधी उजवा केला, कागद काढून घेतला, मग डावा. शर्टाची बटणं पटकन गेली. शेवटी तळाला ते पितळेचं मोठं उरलं, माझ्या वाटचं. तेही डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.